कोरा, म्बिरा आणि एवे ढोल एकाच मंचावर: संमिश्र आफ्रिकी मैफल उभी करण्याची पद्धत

पश्चिम आफ्रिकेतील मांदिंका लोकांच्या बालाफोनची, म्हणजे खाली भोपळे बांधलेल्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याची, एक पट्टी षड्ज धरली आणि तिथून तिसरी पट्टी वाजवली, तर उमटणारा स्वर आपल्या कोमल गंधाराहून चढा आणि शुद्ध गंधाराहून उतरलेला लागतो. वाद्यात दोष असल्यामुळे असे होत नाही. या बालाफोनवर सप्तकाचे जवळजवळ सात समान भाग पाडलेले असतात. सेंट हे स्वरांमधले अंतर मोजण्याचे एकक आहे. सप्तक १२०० सेंटांचे मानले तर एकेक भाग सुमारे १७१ सेंटांचा होतो आणि तिसरी पट्टी ३४३ सेंटांच्या आसपास येते, तर आपला कोमल गंधार साधारण ३१६ आणि शुद्ध गंधार ३८६ सेंटांवर असतो. युगांडातील बुगांडा राज्याच्या अमादिंदा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यात त्याच सप्तकाचे पाच जवळजवळ समान भाग असतात, म्हणजे एकेक भाग २४० सेंटांच्या घरात जातो. ही दोन वाद्ये शेजारी ठेवून मागे कीबोर्ड लावला, तर तीन वेगळी सप्तके एकमेकांवर आदळतात आणि त्यात पहिला बळी कलाकारांच्या आत्मविश्वासाचा जातो.

वेगवेगळ्या आफ्रिकी परंपरांची एकत्र मैफल करू पाहणारे बहुतेक आयोजक आधी सभागृह ठरवतात, मग नावे जमवतात आणि सूर जुळवण्याचे काम मैफलीच्या दिवशी दुपारच्या साउंड चेकवर सोडतात. माझ्या मते हा क्रम पूर्णपणे उलटा हवा. स्वर आधी ठरावेत, त्यांवरून वाद्ये, वाद्यांवरून कलाकार आणि सर्वांत शेवटी जागा. या लेखातील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत आणि स्वरांच्या पायरीवर मी जाणीवपूर्वक जास्त वेळ थांबलो आहे.

किती परंपरा एकत्र आणाव्यात

पहिल्या मैफलीसाठी तीन परंपरा पुरेत. अधिक परंपरा एकत्र आणणे अशक्य नाही. इजिप्तचे संगीत-अभ्यासक मीना गिर्गिस आणि इथिओपियात जन्मलेल्या अमेरिकी गायिका मेक्लित हादेरो यांनी २०११ साली सुरू केलेल्या ‘नाईल प्रोजेक्ट’ने नाईलच्या खोऱ्यातील ११ देशांमधील कलाकारांना जोडण्याचा संकल्प केला आणि त्यांचे पहिले एकत्रीकरण जानेवारी २०१३ मध्ये आस्वान येथे झाले. मात्र तिथे कलाकार मैफलीच्या आदल्या दिवशी भेटले नाहीत. ते आधी एकत्र राहिले, एकमेकांची वाद्ये आणि स्वररचना शिकले आणि नंतरच मंचावर गेले. एवढा वेळ आणि निधी हाताशी नसेल, तर परंपरांची संख्या कमी करावी. तालमीचे दिवस कमी करू नयेत.

पुढील सर्व पायऱ्या एका ठोस योजनेवर समजावून सांगतो. मैफल घानाची राजधानी आक्रा येथे आहे. गांबियाचा मांदिंका कोरा हे भोपळ्याचे तंतुवाद्य, झिंबाब्वेतील शोना लोकांचा म्बिरा हे धातूच्या पट्ट्यांचे वाद्य आणि घानाच्या व्होल्टा प्रांतातील एवे लोकांचा आग्बाद्झा हा ढोलांवरचा नाच या तीन परंपरा निवडल्या आहेत. आक्रा निवडण्याचे कारण सरळ आहे: सर्वांत मोठा ताफा आणि सर्वांत जड वाद्ये एवे मंडळींची आहेत आणि ती रस्त्याने येऊ शकतात, तर कोरा आणि म्बिरा विमानात हाताशी ठेवता येण्याजोगे आहेत. शिवाय तिन्ही देशांचा कारभार इंग्रजीत चालतो, त्यामुळे पत्रव्यवहार आणि करार एकाच भाषेत होतात. तालमीत मात्र मांदिंका, शोना आणि एवे शब्दच कानी पडतील आणि ते तसेच शिकून घ्यावेत.

परवानगी: प्रत्येक रचना तिकिटाच्या मंचासाठी नसते

म्बिरा द्झावादझिमु या नावाचाच अर्थ पूर्वजांच्या आत्म्यांचा म्बिरा असा आहे. बिरा नावाच्या रात्रभर चालणाऱ्या विधीत तो पूर्वजांना बोलावण्यासाठी वाजतो. कोणती रचना बाहेर वाजवायची आणि कोणती नाही, हे वादकाला विचारल्याशिवाय कार्यक्रमपत्रिका छापू नये. आणि त्याने ‘ही नको’ म्हटले तर कारण मागू नये. कोरा वाजवणारे जाली हे पिढीजात गायक-वादक असतात आणि त्यांच्या पुष्कळ रचना विशिष्ट घराण्यांच्या स्तुतीच्या असतात, त्यामुळे कोणाची स्तुती कोणत्या प्रसंगी गायली जात आहे, याला तिथे वजन असते. आग्बाद्झाची मुळे युद्धनृत्यात असली तरी आज तो एवे समाजाचा सार्वजनिक आनंदाचा नाच आहे, म्हणून पहिल्या मैफलीसाठी तो सोयीचा ठरतो.

घानात याला कायद्याची बाजूही आहे. तिथल्या २००५च्या कॉपीराइट कायद्याने लोककलांचे हक्क प्रजासत्ताकाच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे सोपवले आहेत. तिकीट लावून, ध्वनिमुद्रण करून काही करायचे असल्यास स्थानिक वकिलाकडून लेखी सल्ला आधीच घ्यावा. कलाकारांशी करार करताना तीन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात: मैफलीचे मानधन, तालमीच्या दिवसांचे मानधन आणि ध्वनिमुद्रणाचा मोबदला. एकत्र बसवलेल्या रचनेची बांधणी कोणाच्या नावावर जाणार, हेही तिथेच लिहावे. ‘पारंपरिक’ एवढाच शब्द लिहून सोडला की पुढे उत्पन्न भलत्याच नावावर जमा होण्याचा धोका असतो. घानात घॅमरो आणि झिंबाब्वेत झिमुरा या संस्था संगीताच्या हक्कांचे काम पाहतात आणि कलाकार आपापल्या संस्थेत नोंदलेला आहे का, हे विचारून घ्यावे. तिन्ही गटांतील प्रमुख कलाकारांना समान मानधन द्यावे. यात तडजोड झाली की ती तालमीच्या खोलीत दिसते.

स्वर: सहा महिने आधी, फोनवरून

ज्या वाद्याचा स्वर बदलता येत नाही, त्याच्याकडे बाकीच्यांनी जायचे, हा या कामाचा मूळ नियम आहे. आपल्या योजनेत ते वाद्य म्हणजे म्बिरा. कठीण लाकडाच्या फळीवर साधारण २२ ते २८ धातूच्या पट्ट्या दाबून बसवलेल्या असतात. पट्टी पुढे-मागे सरकवून किंवा ठोकून-घासून तिचा स्वर बदलता येतो खरा, पण ते कारागिराचे काम आहे आणि आपल्या घराण्याच्या कारागिराने लावलेला स्वर वादक एका मैफलीसाठी मोडणार नाही. तशी मागणीही करू नये. न्यामारोपा हे म्बिराच्या एका प्रसिद्ध स्वरबांधणीचे नाव आहे, परंतु दोन कारागिरांचे न्यामारोपा म्बिरा तंतोतंत सारखे नसतात. त्यांचा मूळ स्वरही वेगवेगळ्या पट्टीत असतो.

म्हणून पुढीलप्रमाणे काम करावे. म्बिरावादकाला प्रत्येक पट्टी तीन वेळा, सावकाश, पूर्ण विरेपर्यंत वाजवून फोनवर मुद्रित करायला सांगावे. त्याच्याकडे एकाहून अधिक म्बिरा असतील, तर प्रत्येकाचे मुद्रण मागवावे. स्वर मोजणारे कोणतेही चांगले अ‍ॅप वापरून प्रत्येक पट्टीचा स्वर सेंटांमध्ये लिहून काढावा आणि त्याचा तक्ता करावा. तिन्ही वेळचे आकडे दोन-तीन सेंटांनी मागेपुढे होतील, त्यांची सरासरी घ्यावी. धातूच्या पट्टीतून मूळ स्वराबरोबर वरचे स्वरही जोरात निघतात आणि अ‍ॅप कधीकधी भलताच स्वर दाखवते. अशा वेळी कानाने खात्री करून घ्यावी. हा तक्ता आणि मूळ मुद्रण दोन्ही कोरावादकाकडे पाठवावे. तो तक्त्यापेक्षा मुद्रणावर अधिक विसंबेल आणि तेच योग्य आहे.

कोऱ्याला २१ तारा असतात, ११ डाव्या हाताकडे आणि १० उजव्या हाताकडे, आणि त्या दोन अंगठे व दोन तर्जन्यांनी छेडतात. अर्ध्या मोठ्या भोपळ्यावर गाईचे कातडे ताणलेले असते. पारंपरिक कोऱ्यात तारा दांडीवरच्या चामड्याच्या कड्यांना बांधलेल्या असतात आणि सूर लावण्यासाठी कडे मुठीत धरून पिळत सरकवावे लागते. नव्या कोऱ्यांना गिटारसारख्या खुंट्या असतात. खुंट्यांचा कोरा असेल तर म्बिराकडे जाणे सोपे होते, पण कड्यांचा कोरा आणू नका असे सांगण्याची चूक करू नये. एक दिवस जास्त ठेवला की काम भागते. हार्दिनो, सौता, तोमोरा अशा कोऱ्याच्या स्वरबांधण्या आहेत. मराठी वाचकासाठी खूण म्हणून एवढेच सांगता येईल की हार्दिनो आपल्या बिलावल थाटाच्या आणि सौता, त्यातल्या तीव्र मध्यमामुळे, कल्याण थाटाच्या शेजारी राहतात. एकरूप मात्र नाहीत, कारण त्यांतले काही स्वर आपल्या जागांच्या किंचित खाली-वर बसतात.

कोऱ्याची मूळ पट्टी बहुधा पाश्चात्त्य एफ स्वराच्या आसपास असते. ती फार चढवली तर नायलॉनच्या तारा तुटतात आणि फार उतरवली तर त्या फडफडतात. म्हणून म्बिरावादकाकडे दोन-तीन वाद्ये असतील, तर ज्याच्या पट्ट्यांपर्यंत कोरा सहज पोहोचेल, ते निवडावे. दोघांचा षड्ज एकच असला पाहिजे असेही नाही. म्बिराचा चौथा किंवा पाचवा स्वर कोऱ्याने आधारस्वर धरला, तरी दोघांचे स्वर एकाच कुळातले राहतात आणि कित्येकदा ती रचना अधिक मोकळी वाजते. गायकांनी सर्वांत शेवटी यावे, कारण गळ्याला कुठेही जाता येते. कीबोर्ड आणि पडदे पक्के बसवलेली गिटार या मैफलीत नसावी, हा माझा ठाम आग्रह आहे. ती आली की हळूहळू सगळे तिच्याकडे सरकतात आणि ज्या स्वरांसाठी आपण एवढा खटाटोप केला, तेच हरवतात.

झणकार हा स्वराचाच भाग

म्बिरा भोपळ्यात बसवून वाजवतात. त्या भोपळ्याला देझे म्हणतात आणि देझेवर व फळीवर शिंपले किंवा आजकाल बाटल्यांची बुचे ओवलेली असतात. पट्टी वाजली की ती बुचे थरथरतात आणि स्वराभोवती एक झणकार उभा राहतो. बालाफोनखालच्या भोपळ्यांच्या भोकांवर पूर्वी कोळ्याच्या अंड्यांच्या कोशाचा पापुद्रा चिकटवत. आज पातळ कागद किंवा प्लॅस्टिक लावतात, तेही याचसाठी. तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवून जवारी काढणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ध्वनियंत्रणेवर बसलेल्याला मात्र ते समजावून सांगावेच लागते. एका मैफलीच्या साउंड चेकला मी हजर होतो. यंत्रचालकाने तो झणकार तारेतला बिघाड समजून आधी वरच्या कंपनांचा आवाज कापला आणि मग नॉइज गेट, म्हणजे बारीक आवाज बंद करणारी सोय, लावले. स्पीकरमधून स्वच्छ, काचेसारखा, निर्जीव टणत्कार येऊ लागला. म्बिरावादकाने चार आवर्तने ऐकली, भोपळा खाली ठेवला आणि विचारले की हे वाजतंय ते कोणाचं वाद्य आहे. चूक त्या यंत्रचालकाची कमी आणि आयोजनाची अधिक होती, कारण त्याला आधी कोणी काही सांगितलेच नव्हते. तेव्हापासून प्रत्येक वाद्याचे माइकशिवाय केलेले मुद्रण ध्वनियंत्रकाला आठवडाभर आधी द्यावे, असे मी आग्रहाने सांगतो.

ताल: बारा मात्रांची घंटा आणि अठ्ठेचाळीसचा फेरा

आग्बाद्झात गांकोगुई ही दोन तोंडांची लोखंडी घंटा ताल धरते, आहात्से हा मण्यांच्या जाळीचा भोपळा तिला साथ देतो, कागान आणि किडी हे ढोल आपापले बोल चालू ठेवतात आणि सोगो नेतृत्व करतो. घंटेचा फेरा १२ सूक्ष्म मात्रांचा असून तिचे सात ठोके १, ३, ५, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर पडतात. नाचणाऱ्याची पावले मात्र १, ४, ७ आणि १० वर पडतात. दोन्ही एकत्र येतात ते फक्त पहिल्या आणि दहाव्या मात्रेवर. म्बिरा आणि कोरावादकांनी तालमीच्या पहिल्याच दिवशी हाताने घंटा आणि पायाने पावले, असे अर्धा तास करावे. आयोजकानेही करावे. आपल्याकडे तालाची सवय असलेले लोक टाळी-खालीची गणती करू लागतात आणि चार-पाच आवर्तनांत पाय घसरतो. घंटेचे सातही ठोके एका वाक्यासारखे कानात बसले की गणतीची गरज उरत नाही. पहिली मात्रा इथे सुरुवातीपेक्षा पोहोचण्याची जागा आहे, हे समेची ओळख असलेल्याच्या लवकर ध्यानात येते.

म्बिराच्या बहुसंख्य रचनांचा फेरा ४८ सूक्ष्म मात्रांचा असतो आणि त्याचे १२-१२ चे चार भाग पडतात. म्हणजे घंटेची चार आवर्तने आणि म्बिराचे एक आवर्तन समान होते, आणि याच हिशेबावर आपली तीन परंपरांची निवड उभी आहे. कोऱ्यात जो कायमचा फिरता ठेका असतो त्याला कुम्बेंगो म्हणतात आणि त्याच्यावरून वादक ज्या वेगवान लडी सोडतो त्या बिरिमिंतिंगो. कोरावादकाला तीन-तीनच्या लयीचा कुम्बेंगो निवडायला सांगावे. चार-चारच्या लयीचा कुम्बेंगो कितीही सुंदर असला तरी तो त्याच्या स्वतंत्र वादनासाठी ठेवावा.

दोन अडचणी येतातच. पहिली अशी की म्बिराच्या फेऱ्याला ठरलेली सुरुवात नसते. एक वादक कुशाउरा हा मुख्य भाग धरतो, दुसरा कुत्सिन्हिरा हा त्यात गुंफणारा भाग घेऊन त्याला सोयीच्या जागी शिरतो. ‘पहिल्या मात्रेपासून सुरू करा’ ही सूचना त्यांना लागू पडत नाही. म्हणून एकत्र रचना नेहमी म्बिराने सुरू करावी, घंटेने दोन फेरे नुसते ऐकावेत आणि मग आपली जागा शोधून शिरावे. दुसरी अडचण होशोची. म्बिराबरोबर वाजणारे हे भोपळ्याचे खुळखुळे आणि आग्बाद्झाचा आहात्से एकत्र वाजले की दोघांची धार बोथट होते. म्बिराप्रधान रचनेत होशो आणि आग्बाद्झाप्रधान रचनेत आहात्से, असा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा.

तालमीचे दहा दिवस

पहिले दोन दिवस एकत्र वाजवू नये. प्रत्येक गटाने आपले संगीत इतरांना ऐकवावे आणि शिकवावे; कोरावादकाने किडी हातात घ्यावा, ढोलियाने म्बिराचे चार स्वर काढून पाहावेत. तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत सकाळी एक आणि दुपारी एक, अशा क्रमाने फक्त तीन एकत्र रचनांवर काम करावे. आठवा दिवस पूर्ण विश्रांतीचा. नवव्या दिवशी सलग वादन आणि दहाव्या दिवशी मैफलीच्या जागेवर तालीम ठेवावी. रोजचे मुद्रण रात्री सर्वांना पाठवावे, कारण सकाळच्या चर्चेतील निम्मे वाद ते ऐकल्यावर आपोआप मिटतात. कोऱ्याच्या तारा नव्या स्वरांत बसायला किमान पूर्ण दिवस घेतात, म्हणून कोरावादकाने सर्वांच्या आधी पोहोचावे.

हवामान, प्रवास आणि मंच

आक्रात एप्रिलपासून पाऊस वाढतो, जूनमध्ये तो सर्वाधिक असतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा थोडा येतो. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सहाराकडून हर्मातान हा कोरडा, धुळीचा वारा वाहतो. दमट हवेत कातडे सैल पडून स्वर उतरतो. हर्मातानमध्ये कातडे ताणले जाते आणि भोपळ्याला तडा जाण्याची भीती असते. म्हणून नोव्हेंबर निवडावा. वातानुकूलित खोलीतून उघड्या मंचावर वाद्ये थेट आणू नयेत, निदान दोन तास आधी बाहेर काढून ठेवावीत.

घानात उतरताना पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी तो ग्राह्य होतो आणि आयुष्यभर चालतो. भारतातून गेलेल्या आयोजकाला तो परतीच्या वेळीही दाखवावा लागतो. गांबिया आणि घाना हे दोन्ही पश्चिम आफ्रिकी आर्थिक समुदायाचे सदस्य असल्याने कोरावादकाला ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. म्बिरावादकांच्या प्रवेशाचे नियम मात्र तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून तपासून घ्यावेत. कोऱ्यासाठी विमानात वेगळे आसन घेणे महाग वाटले, तरी फुटलेला भोपळा परदेशात दुरुस्त होत नाही.

मंचावर अर्धवर्तुळात बसवावे. घंटा मधोमध, म्बिरा आणि कोरा तिच्या दोन्ही बाजूंना पुढे, ढोल एका कडेला आणि त्यांची तोंडे म्बिराच्या माइकपासून वळवलेली असावीत. म्बिराला दोन वेगळे माइक द्यावेत: फळीला चिकटणारा एक, स्वरासाठी, आणि देझेच्या तोंडाशी लहानसा दुसरा, झणकारासाठी. कोऱ्याला आवाजाच्या भोकापासून वीतभर अंतरावर एक माइक पुरतो. मॉनिटरचा, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरचा, आवाज वाढवला की त्याचा भोपळा घुमू लागतो, तेव्हा खालचे स्वर थोडे कमी करावेत. घंटेला माइक देऊ नये. पाचही आग्बाद्झा वाद्ये पूर्ण ताकदीने वाजत असताना म्बिरा ऐकू येईल, अशी आशा कोणत्याही यंत्रावर ठेवू नये. एकत्र रचनांत घंटेबरोबर ढोलांपैकी कागान आणि हलक्या हाताचा किडी एवढेच ठेवावे आणि सोगोला त्याचा स्वतंत्र वेळ द्यावा.

कार्यक्रम सुमारे शंभर मिनिटांचा असावा. पंधरा मिनिटे म्बिरा, पंधरा मिनिटे कोरा, मग पस्तीस ते चाळीस मिनिटांत तीन एकत्र रचना आणि शेवटी आग्बाद्झा. आग्बाद्झा शेवटी ठेवण्याचे कारण असे की तो सुरू झाल्यावर आक्रातील श्रोते खुर्च्यांवर बसून राहत नाहीत. पहिल्या दोन रांगा आधीच काढून ठेवाव्यात, वयस्कर मंडळींसाठी कडेला खुर्च्या ठेवाव्यात आणि नाचणाऱ्यांना थांबवायला कोणालाही उभे करू नये.

मैफलीनंतर संपूर्ण मुद्रणाची प्रत तिन्ही गटांना त्याच आठवड्यात द्यावी. कराराप्रमाणे ते त्यांचेही आहे. परतीचे विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आधीचे काढू नये. सकाळचे दोन-तीन तास कोरावादकासाठी मोकळे ठेवावेत, म्हणजे म्बिराच्या स्वरांत दहा दिवस राहिलेल्या एकवीस तारा तो घरच्या स्वरांत परत लावून घेऊ शकेल.